सर्व्हर मॉनिटरिंगचं लायसन्स घेताय? या चुका टाळा

"आमचे सर्व्हर चाळीस. लायसन्सची कुठली पायरी घेऊ?" असं विचारलं की विकणारा लगेच आकडा सांगतो आणि तिथेच गफलत होते. कारण सर्व्हरवर लक्ष ठेवणारी बरीच सॉफ्टवेअरं लायसन्ससाठी सर्व्हर मोजतच नाहीत.

पीआरटीजी या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरचंच घ्या. ते सेन्सर, म्हणजे लक्ष ठेवायची एकेक गोष्ट, मोजतं. सीपीयू एक सेन्सर, मेमरी दुसरा, सी ड्राइव्ह तिसरा, पिंग (यंत्र उत्तर देतं का ही तपासणी) चौथा. एका यंत्रामागे साधारण १० सेन्सर हा कंपनीचाच ठोकताळा. चाळीस सर्व्हरांचे ४०० झाले, ५००च्या पायरीत बसले म्हणून आपण खूश. मग आठवतं की ४८ पोर्टांचे सहा नेटवर्क स्विचही आहेत. प्रत्येक पोर्टाचा ट्रॅफिक वेगळा सेन्सर, म्हणजे आणखी २८८. सोलरविंड्सच्या एनपीएम या सॉफ्टवेअरमध्ये तर एसएल १०० या पायरीला नोड (यंत्रं), इंटरफेस (पोर्ट) आणि व्हॉल्यूम (डिस्कचे भाग) तिन्ही वेगवेगळे मोजतात, प्रत्येकी १०० पर्यंत. तीन स्विच लावले की नोड तीनच, पण इंटरफेस १४४. झाली की पायरी पार!

दुसरी चूक माझी स्वतःची. नवं सॉफ्टवेअर बसवलं, संध्याकाळी अख्ख्या सबनेटवर (नेटवर्कच्या एका भागावर) ऑटो-डिस्कव्हरी, म्हणजे यंत्रं आपोआप शोधून जोडणारी सोय, सोडली आणि घरी गेलो. सकाळी येऊन बघतो तर लायसन्स काठोकाठ भरलेलं. कशाने? रिकाम्या पोर्टांनी, प्रिंटरच्या टोनरने, विंडोजच्या लूपबॅकने (यंत्राचं स्वतःशीच बोलणारं आभासी नेटवर्क), उबुंटूच्या स्नॅपवाल्या लूप माउंटनी (अॅपच्या पॅकेजसाठी जोडलेल्या आभासी डिस्क). हे माउंट कायम १०० टक्के भरलेलेच दिसतात, त्यामुळे वर लाल अलर्टांची आरासही. आणि डेटाबेस सर्व्हरच्या ज्या डिस्कसाठी हा सगळा खटाटोप केला, तिचाच नंबर लागला नव्हता.

तेव्हा लायसन्स भरलं म्हणून लगेच वरच्या पायरीचं कोटेशन मागवू नका. यादी प्रकारानुसार लावा. रिकामे पोर्ट काढा. एकच सर्व्हर आयपीने एकदा आणि नावाने एकदा असा दोनदा आलाय का बघा. हे हमखास सापडतं. केव्हाच बंद केलेल्या व्हीएम (आभासी यंत्रं) काढा. काढा म्हणजे डिलीट करा, नुसतं पॉज करून जागा सुटेल असं धरून चालू नका. उरलेल्यांना एकच कसोटी लावा: हा अलर्ट रात्री दोनला आला तर कुणी उठणार आहे का?

क्लाउडवर सर्व्हर कमी-जास्त होत असतील तर मामला वेगळा. डेटाडॉग ही मॉनिटरिंग सेवा दर तासाचे होस्ट (चालू सर्व्हर) मोजते, महिन्यातले सर्वांत वरचे १ टक्का तास सोडून देते आणि त्याखालच्या सर्वाधिक आकड्यावर बिल लावते. महिन्याचे ७२० तास धरले तर माफी जेमतेम सात तासांची. दिवाळीच्या सेलला पाच दिवस २० चे ६० होस्ट झाले की बिल अख्ख्या महिन्याचं ६० होस्टांचं. असा हंगामी धंदा असेल तर सरासरीवर बजेट मांडू नका.

ट्रायलही फसवते. पीआरटीजीच्या ३० दिवसांच्या ट्रायलमध्ये सेन्सरला मर्यादा नसते. मुदत संपली की फुकटातले १०० उरतात. साहेबांना डॅशबोर्ड दाखवायचा तो शंभरातला दाखवा, नाहीतर पुढच्या महिन्यात तुम्हालाच उत्तरं द्यावी लागतील.

झॅबिक्स या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरला लायसन्सचा खर्च नाही, हे खरं. पण टेम्प्लेट (काय मोजायचं याचे तयार साचे) लावणं, डेटाबेस फुगला की आवरणं, अपग्रेड करणं यासाठी माणूस लागतो. तो तुमच्याकडे असेल तर मी डोळे झाकून झॅबिक्स घ्या म्हणेन. नसेल तर सपोर्टचे पैसे आधीच हिशेबात धरा.

लॉगही (सर्व्हरच्या घडामोडींच्या नोंदी) त्याच सॉफ्टवेअरमध्ये ठेवणार असाल तर ते किती दिवस टिकतात तेही बघा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपावे लागतात. १५ दिवसांची स्वस्त पायरी इथे उपयोगाची नाही.

हल्ली कोटेशन मागवताना मी मेलमध्ये तीनच प्रश्न घालतो. तुम्ही नेमकं काय मोजता? मर्यादा ओलांडली तर नवं थांबतं, जुनं बंद पडतं की बिल वाढतं? आणि वर्षाच्या मध्ये वरच्या पायरीवर गेलो तर फरकच भरायचा की पूर्ण रक्कम? उत्तर फोनवर आलं तरी तेच मेलवर पाठवायला सांगतो.