बोक्याची लघवी अडली तर: मांजर-कुत्र्यांचे मूत्रविकार कसे ओळखावेत, कसे टाळावेत

बोका पुन्हा पुन्हा वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसतो, कुंथतो, कळवळून ओरडतो आणि ट्रे कोरडाच राहतो. घरच्यांना वाटतं, शी होत नाहीये. मग कुणी तूप चाटवतं, कुणी एरंडेल शोधतं. यात जाणारे तास त्याच्या जिवावर बेततात. बोक्याचा मूत्रमार्ग टोकाशी फार अरुंद असतो. तिथे खडा किंवा चिकट स्रावाची गुठळी अडकली की लघवी तुंबते, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

१. रोज ट्रे बघा. गुठळ्या धरणारी वाळू असेल तर साफ करताना किती गोळे निघाले आणि केवढे, ते पाहा. निरोगी मांजर दिवसातून साधारण २ ते ४ वेळा लघवी करतं. गोळे अचानक बारीक आणि पुष्कळ झाले, गुलाबी डाग दिसला, मांजर सारखं मागचा भाग चाटू लागलं, तर तपासणी हवी. ट्रे सोडून फरशीवर लघवी करणारं मांजर सूड घेत नसतं. बहुधा त्याला दुखत असतं. कृपया त्याला मारू नका.

२. एकही गोळा नसेल आणि बोका कुंथत असेल, तर लगेच निघा. रात्र असली तरी. पोट दाबू नका, ताणलेलं मूत्राशय फुटू शकतं. बळेच पाणी पाजू नका. धन्याचं पाणी, सब्जा हे आपल्या उन्हाळी लागण्यावरचे उपाय. त्यांनी अडथळा निघत नाही. पॅरासिटामॉल तर मांजराला विषच आहे, एका गोळीनेही ते दगावू शकतं. दवाखान्यात भूल देऊन कॅथेटर घालतात, सलाइन लावतात. रात्री उघडा असणारा दवाखाना कुठे आहे, हे आजच शोधून नंबर फोनमध्ये ठेवा.

३. कुत्र्याचं पाणी मोजा. कुत्र्यांत जंतुसंसर्ग जास्त दिसतो, त्यातही कुत्रीला, कारण तिचा मूत्रमार्ग आखूड असतो. थेंब थेंब लघवी, उग्र वास, रक्त, घरात अचानक होऊ लागलेली शू ही लक्षणं. १० किलोचं कुत्रं दिवसाला लिटरभराहून जास्त पाणी पिऊ लागलं तर मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे का, ते तपासावं लागतं. नसबंदी न झालेली कुत्री माजावर येऊन गेल्यानंतरच्या काही आठवड्यांत खूप पाणी पिऊ लागली आणि मलूल झाली, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. तिथेही थांबायचं नाही. म्हातारी कुत्री झोपेत अंथरूण ओलं करते तेव्हा मात्र घाबरू नका, त्यावर चांगली औषधं आहेत.

४. नमुना घेऊन जा. सकाळी फिरायला नेताना स्वच्छ डावात मधल्या धारेची लघवी धरा आणि शक्यतो तासाभरात पोचवा. मागच्या वेळचं अँटिबायोटिक उरलंय म्हणून देऊ नका. अर्धवट औषधाने जंतू चिवट होतात.

५. पाणी पोटात जाईल असं बघा. टाळण्याच्या उपायांत मला हाच सर्वांत मोलाचा वाटतो. ड्राय फूडमध्ये पाणी जेमतेम दहा टक्के, ओल्या खाण्यात पंचाहत्तरच्या आसपास. खारवलेल्या सुकटीऐवजी मीठ-मसाला न घातलेली उकडलेली मासळी तिच्या पाण्यासकट द्या. पसरट भांड्यांत दोन-तीन ठिकाणी पाणी ठेवा, ट्रेपासून लांब. जितकी मांजरं, त्याहून एक ट्रे जास्त. तरुण मांजरांत मूत्राशयाचा दाह पुष्कळदा ताणातून होतो. दिवाळीचे फटाके, घराचं रंगकाम, नवं मांजर यांनी तो उफाळतो. अशा वेळी त्यांना लपायला शांत कोपरा हवाच.

कुत्र्याला दहा-बारा तास फ्लॅटमध्ये तुंबवून ठेवू नका. पावसाळ्यात उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टो होतो आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. त्याची लस दरवर्षी द्या.

६. मुतखड्याचं खास खाणं मनाने आणू नका. स्ट्रुव्हाइटचे खडे योग्य आहाराने विरघळतात, कॅल्शियम ऑक्झलेटचे विरघळत नाहीत. कुत्र्यांत स्ट्रुव्हाइटच्या मुळाशी बहुतेक वेळा संसर्ग असतो, म्हणून आधी त्याचा उपचार. अडथळा काढून घरी आलेल्या बोक्याला पहिल्या काही दिवसांत पुन्हा तोच त्रास होऊ शकतो. त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा ट्रे तपासा.