झाड गातंय की फ्रीज? प्लांट म्युझिक करताना या चुका टाळा

प्लांट म्युझिक म्हणजे झाडाच्या पानाला दोन स्टिकर चिकटवायचे, त्यांना वायरींच्या क्लिपा लावायच्या आणि पानातल्या विजेच्या बदलांचे एका छोट्या सर्किटने सूर करायचे. माझ्या मनी प्लांटने पहिल्याच रात्री इतकं सुरेख वाजवलं की मी व्हिडिओ काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, मावशीने हात जोडलेले इमोजी पाठवले, सगळं झालं. आई मात्र किचनमधून म्हणाली, "अरे, फ्रीज घुरघुरायला लागला की तुझ्या झाडाला जोर चढतोय बघ." आणि खरंच की! कॉम्प्रेसर सुरू झाला की सुरांचा पाऊस, बंद झाला की झाड गप्प.

तर पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे चेक न करताच झाडावर विश्वास ठेवणं. एक मेगाओमचा रेझिस्टर (विजेला ठरावीक अडथळा करणारा छोटासा पार्ट) घ्या, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला किरकोळ पैशात मिळतो, आणि पानाच्या जागी तो दोन क्लिपांमध्ये अडकवा. रेझिस्टर काही जिवंत नाही, त्यामुळे आवाज जवळजवळ बंद व्हायला हवा. तरीही धून चालूच असेल तर ती तुमच्या वायरींची आहे. मग ओला स्पंज लावून बघा. तो पण छान गातो, आणि ते ऐकून थोडं वाईट वाटतं, पण बघाच.

असं का होतं, तर आपल्याकडची बहुतेक घरगुती सर्किटं सॅम कुसुमानो या इंजिनिअरच्या ओपन सोर्स, म्हणजे सगळ्यांना खुल्या डिझाइनवरून केलेली असतात (2014 मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर आलेल्या मिडी स्प्राउट या प्लांट म्युझिकच्या यंत्राचं इंजिनिअरिंगही त्याचंच). त्यात 555 टायमर नावाची पल्स सोडणारी चिप असते, ती पानातून अगदी बारीकसा करंट सोडतो, पानाचा रेझिस्टन्स बदलला की पल्समधलं अंतर बदलतं, आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) ते अंतर मोजतो आणि फरक ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त झाला की एक सूर सोडतो. म्हणजे झाड स्वतःहून जी वीज तयार करतं ती आपण मोजतच नाही, पान वीज किती वाहू देतंय ते मोजतो. सूर कोणते लागणार तेही कोडमध्ये आपणच ठरवलेलं असतं. भूपाचे पाच सूर टाकून ठेवलेत तर झाड काय, वॉशिंग मशीनही गोडच वाजेल. शंका असेल तेव्हा बाराही सूर मोकळे सोडून ऐका, कचरा लगेच कळतो.

आता पॉवर. लॅपटॉप चार्जरला लावून रेकॉर्ड करू नका, मेन्सची 50 हर्ट्झची गुणगुण आत येते आणि झाडाला काही चिकटवलंय म्हटल्यावर सेफ्टीच्या दृष्टीनेही बॅटरीच बरी. पॉवर बँक लावलीत आणि अर्ध्या मिनिटात सगळं बंद पडलं तर सर्किट जळलं म्हणून रडू नका (मी चिप बदलून बसलो होतो), आर्डुइनो इतका कमी करंट खातो की काही पॉवर बँकांना वाटतं काही जोडलेलंच नाही आणि त्या आपोआप ऑफ होतात. साधे तीन-चार सेल वापरा.

स्टिकर मेडिकलमध्ये मिळतात तेच, ईसीजीचे. पान आधी ओल्या फडक्याने पुसा आणि कोरडं होऊ द्या, धुळीवर जेल बसत नाही. चिकटवल्यावर दहा-पंधरा मिनिटं काहीच ऐकू नका, कॉन्टॅक्ट स्थिरावत असतो आणि तेवढ्यात हमखास "झाड खूश झालं" असं वाटतं. जेल सुकलं की पण सूर भरकटतात. वायरचं वजन पानावर येऊ देऊ नका, कुंडीतल्या काडीला दोऱ्याने बांधा, आणि पंखा बंद, नाहीतर वायर हलली की तान सुरू. तुळशीच्या वाटेला जाऊ नका, पान लहान आणि लवदार, शिवाय आजी ओरडते ते वेगळंच.

हात लावला की झाड ओळखतं म्हणे! हाताने नका लावू, कोरड्या लाकडी पेन्सिलीने लावून बघा. बऱ्याचदा सगळी ओळख तिथेच संपते, कारण आपलं शरीर म्हणजे घरातल्या वायरिंगची गुणगुण पकडणारा चालताबोलता अँटेना.

झाड स्वतः तयार करतं तो विजेचा खरा सिग्नलच ऐकायचा असेल तर लाजाळू आणा. जगदीशचंद्र बोसांनी कलकत्त्यात याच झाडावर वर्षानुवर्षं प्रयोग केले, आणि त्याच्याही आधी 1873 मध्ये इंग्लंडमध्ये बर्डन-सँडरसनने व्हीनस फ्लायट्रॅपच्या पानात विजेची हालचाल मोजली होती. इथे 555 सोडा, बारीक सिग्नल मोठा करणारा अँप्लिफायर लागतो. आणि इथेच सगळे फसतात, ऑनलाइन मिळतो तो हृदयाचा ईसीजी घेणारा एडी8232 मोड्यूल जोडतात. त्या मोड्यूलवरचा फिल्टर साधारण 0.5 हर्ट्झच्या खालचं दाबून टाकतो, आणि झाडाचा सिग्नल सेकंदा-सेकंदांनी सरकणारा, म्हणजे हवं तेच गायब. फिल्टर काढता येत नसेल तर साधा इन्स्ट्रुमेंटेशन अँप्लिफायर (दोन टोकांमधला बारीकसा फरक मोठा करणारा) घ्या.

आणि लाजाळूला एकदा टोचलंत की पानं परत उघडेपर्यंत तरी थांबा, माझ्याकडे पंधरा-वीस मिनिटं लागतात. पाहुण्यांना दाखवायचं असेल तर दोन कुंड्या ठेवा.