यकृत प्रत्यारोपणानंतर गावी राहून दारू दूर कशी ठेवावी

यकृत प्रत्यारोपण झालेल्या माणसाने दारूचा एक थेंबही घेऊ नये, हे रुग्णालयातून सुटी होताना प्रत्येकाला सांगितले जाते. पण पोळ्याच्या करीला म्हणजे सणाच्या दुसऱ्या दिवशी, लग्नाच्या वरातीत किंवा कापूस विकून हाती पैसा आलेल्या संध्याकाळी ते कसे पाळायचे, याबद्दल फारसे बोलले जात नाही. मूळ आजार दारूमुळे झालेला असो, हेपॅटायटिस बीमुळे असो किंवा यकृतात साठलेल्या चरबीमुळे असो, हा नियम सर्वांना सारखाच आहे आणि तो बिअर, शिंदी, हातभट्टी व मोहफुलाच्या दारूलाही लागू आहे. मोहाची दारू घरची, शुद्ध आणि म्हणून निरुपद्रवी, हा समज चुकीचा आहे. तिच्यातला मद्यार्क आणि देशीच्या पव्व्यातला मद्यार्क यकृताला सारखाच.

वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे, चंद्रपुरातील २०१५ ची बंदी २०२१ मध्ये उठली. बंदी असलेल्या ठिकाणीही चोरून दारू मिळतेच आणि तिच्यात काय मिसळले आहे हे कळत नाही. त्यामुळे बंदीच्या भरवशावर न राहता घरातच व्यवस्था लावावी लागते.

या व्यवस्थेचा कणा म्हणजे गोळ्यांची वेळ. नवे यकृत शरीराने नाकारू नये म्हणून बहुतेकांना टॅक्रोलिमस दिले जाते आणि ते सहसा बारा-बारा तासांनी घ्यायचे असते. सकाळी नऊला घेणाऱ्याची दुसरी मात्रा रात्री नऊला येते, म्हणजे नेमकी पंगत आणि बैठक रंगात येण्याच्या वेळी. दारू घेतलेला माणूस ती गोळी विसरतो, झोपी जातो किंवा उलटी करतो, आणि असे वारंवार झाले की यकृत नाकारले जाण्याचा धोका वाढतो. म्हणून कार्यक्रमाला जाताना गोळी खिशात असावी, मोबाईलचा गजर लावलेला असावा आणि शक्य तर गोळी घेऊन लगेच घरी निघावे.

करीच्या दिवशी आग्रह करणारा माणूस बहुधा वैरी नसतो, जवळचाच असतो. "घे ना बे घोटभर, वर्षाचा सण हाय," असे म्हणत तो गोठ्याजवळ ग्लास पुढे करतो, तेव्हा लांबलचक कारणे देऊ नयेत. "माह्या जन्मभराच्या गोळ्या चालू हायेत, मले चालत नाही," एवढेच सांगून तेथून उठावे. "आज नको" असे म्हटले की उद्याचे दार उघडे राहते. हे उत्तर घरी मोठ्याने दोन-चार वेळा म्हणून पाहावे आणि सणाआधीच एखाद्या समजूतदार भावाला किंवा मित्राला सोबत राहायला सांगून ठेवावे.

बाटलीबाहेरच्या दारूकडेही लक्ष द्यावे. आयुर्वेदातील आसवे व अरिष्टे, काही टॉनिके आणि होमिओपॅथीचे अर्क यांत मद्यार्क असतो. कावीळ उतरवणारा झाडपाला किंवा गुळवेलीचा काढा तर घेऊच नये. गुळवेलीनंतर यकृताला इजा झाल्याची उदाहरणे मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवली आहेत. खर्रा म्हणजे तंबाखू-सुपारीचे मिश्रणही सोडावे, कारण प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या गोळ्या चालू असताना तंबाखू आणि दारू यांनी तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

एवढे करूनही कधी घेतली गेली, तर त्यापुढचे चोवीस तास फार महत्त्वाचे असतात, आणि माझ्या मते सर्वाधिक नुकसान येथेच, लपवण्यामुळे होते. रात्रीची गोळी चुकली असेल तर सकाळी मनाने दुप्पट घेऊ नये; प्रत्यारोपण केंद्राच्या समन्वयकाला फोन करून काय घेतले, किती घेतले आणि कोणती मात्रा चुकली हे स्पष्ट सांगावे. यकृताच्या नेहमीच्या तपासण्या ठीक आल्या म्हणजे इजा झाली नाही, असे नसते. फॉस्फॅटिडिल इथेनॉल या रक्ततपासणीत मागील दोन ते चार आठवड्यांतील मद्यपान कळू शकते. तिच्याकडे चोरी पकडण्याचे साधन म्हणून न पाहता उपचार वेळेत सुरू करण्याची संधी म्हणून पाहावे.

आपल्या देशात बहुतेक यकृते जिवंत नातेवाइकांकडून मिळतात. पत्नीने किंवा भावाने यकृताचा भाग दिलेला असेल, तर "म्या पोट फाडून देल्लं अन् तू असं केलं" हे शब्द ओठांवर येणे साहजिक आहे, कारण त्यामागे खरे दुःख असते. तरीही ते त्या रात्री बोलू नयेत. शरमेने माणूस दारू सोडत नाही, सांगणे सोडतो.

रोज पिणे पुन्हा सुरू झाले असेल तर घरात कोंडून एकदम बंद करू नये. हातपाय थरथरणे, झटके व भ्रम होऊन जीव जाऊ शकतो, म्हणून रुग्णालयातच सोडवावी. न सांगता जेवणात मिसळायच्या पुड्या कदापि देऊ नयेत, कारण त्यांत दारू सोडवण्याचे डायसल्फिराम हे औषध असू शकते आणि ते यकृताला घातक ठरू शकते. तलफ कमी करणारी औषधे आहेत, पण ती प्रत्यारोपणाच्या आणि मानसोपचाराच्या डॉक्टरांनी मिळून ठरवावीत. नागपूरला लगेच जाणे जमत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ किंवा व्यसनमुक्तीच्या १४४४६ या क्रमांकावर बोलता येते, आणि गडचिरोलीत मुक्तिपथ या दारू-तंबाखूविरोधी मोहिमेची तालुका पातळीवरील व्यसनमुक्ती केंद्रे आहेत; तेथे जाताना प्रत्यारोपणाची फाईल आणि चालू गोळ्यांची यादी सोबत न्यावी.