विंडोजशेजारी लिनक्स टाकताना

लिनक्स शिकायचंय तर थेट मशीनवर टाकूनच शिकावं, असं माझं मत आहे. कमांड गिरवायला व्हर्च्युअल मशीन (विंडोजच्या आत चालणारा आभासी संगणक) पुरतं. पण ड्रायव्हर, बूटलोडर (संगणक चालू होताच सिस्टीम सुरू करणारा प्रोग्रॅम), पार्टिशन (डिस्कचे वेगळे केलेले भाग) यांच्याशी तिथे खरीखुरी गाठ पडत नाही, आणि सपोर्टच्या किंवा सिस्टीम अ‍ॅडमिनच्या कामात रोजचा झगडा त्यांच्याशीच असतो.

इन्स्टॉलर चालवणं हा यातला सोपा भाग. खरी तयारी आधी विंडोजमध्ये बसून करायची. बॅकअप बाहेरच्या ड्राइव्हवर घ्या. त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवर घेतलेला बॅकअप मी मोजत नाही. मग डिस्कचं एन्क्रिप्शन, म्हणजे डेटा कुलूपबंद ठेवणारी सोय, तपासा. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर ते आपोआप चालू असतं आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. सिक्युअर बूट (फक्त सही असलेले बूटलोडर चालू देणारी सेटिंग) किंवा बूटची मांडणी बदलली की बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं हेच एन्क्रिप्शन, ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती आधीच कागदावर उतरवून ठेवा.

फास्ट स्टार्टअपही बंद करा. विंडोज ८ पासून हे आलंय. ते चालू असेल तर शट डाउन केल्यावर कर्नलची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि विंडोजचं एनटीएफएस पार्टिशन नीट बंद होत नाही. लिनक्स मग ते फक्त वाचण्यापुरतं उघडतं, किंवा उघडतच नाही. नवखी मंडळी इथे तासन्‌तास परमिशन बदलत बसतात. दुखणं भलतीकडेच असतं.

जागा विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधूनच कमी करा. पुष्कळ जागा रिकामी दिसत असूनही श्रिंक (पार्टिशन आकसणारा पर्याय) थोडीच द्यायला तयार होतं, कारण पेजफाइलसारख्या (रॅम अपुरी पडली की विंडोज वापरतं ती फाइल) न हलणाऱ्या फाइली मध्येच ठाण मांडून असतात. पेजफाइल आणि हायबरनेशन तात्पुरतं बंद करून रीस्टार्ट करा, बहुधा आकडा वाढतो. सुटलेली जागा फॉरमॅट न करता तशीच ठेवायची.

पेनड्राइव्हवरून बूट करताना मेनूत तोच पेनड्राइव्ह कधीकधी दोनदा दिसतो. विंडोज यूईएफआयवर (जुन्या बायॉसच्या जागी आलेल्या फर्मवेअरवर) असेल तर नावाआधी यूईएफआय लिहिलेलाच निवडा. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल, तर फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये स्टोरेज कंट्रोलर रेड (RAID, अनेक डिस्क एकत्र चालवायची पद्धत) मोडमध्ये आहे का बघा. तो एएचसीआय (AHCI) या साध्या मोडवर न्यावा लागतो, पण आधी विंडोजला पुढचं बूट सेफ मोडमध्ये करायला सांगून ठेवा, नाहीतर विंडोज उठणार नाही.

आता पार्टिशनची स्क्रीन. इथे घाई नको. 'इरेज डिस्क'च्या वाटेला जाऊ नका, मॅन्युअल पर्याय घ्या. यादीत एक चिमुकलं फॅट३२ पार्टिशन दिसेल, विंडोजने केलेलं असेल तर बहुधा १०० एमबीच्या आसपास. ते ईएफआय सिस्टीम पार्टिशन. दोन्ही सिस्टीमचे बूटलोडर तिथे आपापल्या फोल्डरमध्ये सुखाने नांदतात. त्याला माउंट पॉइंट (लिनक्समध्ये ते कुठल्या फोल्डरखाली दिसेल ती जागा) द्या, पण फॉरमॅटच्या चौकटीत टिक असेल तर काढा. लिनक्सचं रूट पार्टिशन, म्हणजे खुद्द सिस्टीमचं, मोकळ्या जागेत, ईएक्सटी४ फॉरमॅटमध्ये. स्वॅपसाठी (रॅम अपुरी पडली की लिनक्स वापरतं त्या जागेसाठी) वेगळं पार्टिशन आता सक्तीचं नाही. स्वॅप फाइलवरही भागतं.

इन्स्टॉल झाल्यावर ग्रबच्या, म्हणजे लिनक्सच्या बूटलोडरच्या, मेनूत विंडोज नसेल तर घाबरू नका. ग्रब २.०६ पासून दुसऱ्या सिस्टीम शोधणारं ओएस-प्रोबर मुळात बंद ठेवलेलं असतं. ग्रबच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ते चालू करून मेनू नव्याने तयार केला की झालं. घड्याळही मागेपुढे होईल: मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. दोघांपैकी एकाला दुसऱ्याची पद्धत लावून द्या. मी विंडोजला यूटीसीवर आणतो.

लिनक्स काढायची वेळ आली तर पार्टिशन आधी उडवू नका. ग्रबची सेटिंग तिथेच असते, ती गेली की स्क्रीनवर नुसता ग्रबचा प्रॉम्प्ट उरतो. आधी फर्मवेअरच्या बूट ऑर्डरमध्ये विंडोज बूट मॅनेजर सर्वांत वर आणा, एकदा रीस्टार्ट करून विंडोज सरळ उघडतंय ना ते बघा, मग खुशाल डिलीट करा.