सिम्युलेटर घेताना आधी हातातला रेडिओ बघा

माझं पहिलं रिमोटवर उडणारं विमान लातूरजवळ, सोयाबीन काढून मोकळ्या झालेल्या रानात पडलं. दूर जाईपर्यंत सगळं ठीक होतं. वळून माझ्याकडं यायला लागलं तसा माझ्या डाव्या हाताचा पंख खाली झुकला. मी रिमोटची स्टिक उजवीकडं दाबली, पंख आणखी झुकला आणि विमान ढेकळात शिरलं. प्रोपेलर तुटला, मोटारीचा शाफ्ट वाकला. मी रोज पंपाच्या मोटारी भरतो, पण तो शाफ्ट हातात धरून फार वाईट वाटलं.

म्हणून आधी सिम्युलेटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवायच्या सॉफ्टवेअरवर, हात बसवा. ते घेताना पहिली अट ही: विमान जमिनीवर एका जागी उभं राहून बघता आलं पाहिजे. कॉकपिटमधून उडवायचे खेळ दिसायला देखणे असतात, पण समोरून येणारं विमान सांभाळायची सवय त्यांनी लागत नाही. विमान आपल्याकडं येताना पंख ज्या बाजूला झुकलेला दिसतो त्याच बाजूला स्टिक द्यायची, हे हाताला विचार न करता जमायला हवं.

दुसरी गोष्ट रेडिओ, म्हणजे विमान उडवायचा हातातला रिमोट. कीबोर्डवर शिकू नका, गेमपॅडवरही नको. गेमपॅडची स्टिक सोडली की मधे येते. आपल्या रेडिओतली थ्रॉटल, म्हणजे मोटारीचा वेग कमी-जास्त करणारी स्टिक, जिथं ठेवाल तिथं थांबते. रेडिओमास्टरसारख्या, एजटीएक्स या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या रेडिओला यूएसबी केबल लावली की कॉम्प्युटर त्याला जॉयस्टिक समजतो. फ्लायस्काय एफएस-आय६ असेल तर मागच्या गोल ट्रेनर पोर्टमधून वायर काढून यूएसबी डोंगल लावावा लागतो. मोड, म्हणजे कोणतं काम कोणत्या हाताच्या स्टिकला ते, तोही विमानाचाच ठेवा. मोड २ मध्ये थ्रॉटल डावीकडं, मोड १ मध्ये उजवीकडं. एकावर शिकून दुसऱ्यावर उडवलंत तर पहिल्याच वळणाला हात फसतो. रेडिओत सिम्युलेटरसाठी वेगळी मॉडेल मेमरी (एका विमानाची साठवलेली सेटिंग) करा, कसलंही मिक्सिंग (एका स्टिकनं दोन गोष्टी हलवणं) न ठेवता, आणि मग कॅलिब्रेशन, म्हणजे सिम्युलेटरला स्टिकची टोकं आणि मध्य दाखवणं.

पैसे लगेच घालू नका. पिकासिम नावाचं सिम्युलेटर फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतं. ग्लायडरसाठी तर फारच छान. रिअलफ्लाइट हे दुसरं सिम्युलेटर विकत घ्यावं लागतं आणि विंडोज लागतं; विमानं भरपूर, वारा हवा तसा लावता येतो. पण लॅपटॉप दमदार नसेल तर चित्र अडखळतं, स्टिक दिल्यावर विमान उशिरा हलतं, आणि हाताला ती उशिराचीच सवय लागते. अशा वेळी देखावे कमी करा, किंवा हलकं सॉफ्टवेअर घ्या.

सिम्युलेटरमधलं विमान वरच्या पंखाचं, चार चॅनलचं (चार गोष्टी वेगवेगळ्या हलवता येणारं) ट्रेनर, म्हणजे शिकायचं विमान, निवडा. विमान आपोआप सरळ ठेवणाऱ्या जायरोची मदत बंद. दोन-तीन दिवसांनी वारा ताशी दहा किलोमीटर लावा आणि वाऱ्याच्या तोंडावरच उतरवा. माझ्याकडं येणाऱ्या पोरांना मी सलग दहा लँडिंग करायला लावतो; सातव्याला आपटलं की पुन्हा एकपासून. दहा झाली की रानात. तेही सकाळी लवकर, कारण उन्हाळ्यात दहा वाजले की काळी जमीन तापते आणि वावटळी उठतात.