बेळगावात बसून कर्नलचं डॉक्युमेंटेशन: व्हर्च्युअल मशिनच्या डिव्हाइस मेमरीवर काम सुरू करणाऱ्यांसाठी

खानापूर, निपाणी, बेळगाव इकडची पोरं बऱ्याचदा विचारतात की कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात) काम करायचं म्हणजे ड्रायव्हरच लिहायला पाहिजे काय. तसं काही नाही. लिनक्स कर्नलचे जे इंटरफेस वापरून व्हर्च्युअल मशिनला खरं डिव्हाइस देता येतं, त्यांचं डॉक्युमेंटेशन लिहायचं काम मी करतो, आणि हे काम दुय्यम आहे असं कुणी म्हटलं तर मला ते पटत नाही. क्यूएमूसारखा व्हर्च्युअल मशिन चालवणारा प्रोग्रॅम लिहिणारा माणूस कर्नलचा सगळा कोड वाचत बसत नाही, डॉक्युमेंटमध्ये जे लिहिलंय त्यावर भरवसा ठेवून तो पुढं जातो, आणि एकदा का युजरस्पेस (कर्नलच्या बाहेर चालणारे प्रोग्रॅम) एखाद्या वागणुकीवर अवलंबून राहिला की कर्नलला ती मोडता येत नाही. म्हणजे तुम्ही लिहिलेली ओळ पुढं वर्षानुवर्षं पाळली जाणार असते.

आधी विषय काय ते बघूया. नेटवर्क कार्ड किंवा जीपीयू थेट गेस्टला (व्हर्च्युअल मशिनला) दिलं की ते डीएमए करतं, म्हणजे सीपीयूला मध्ये न घेता स्वतःच रॅममध्ये वाचतं आणि लिहितं. गेस्टमधला ड्रायव्हर त्याला गेस्टचा पत्ता सांगतो, पण होस्टच्या (खऱ्या मशिनच्या) रॅममध्ये ते पेज, म्हणजे मेमरीचा तो तुकडा, भलतीकडंच असतंय. मग मध्ये आयओएमएमयू (डिव्हाइसनं दिलेला पत्ता खऱ्या पत्त्यात बदलणारं हार्डवेअर) लागतो, इंटेलवर त्याला व्हीटी-डी म्हणतात, आर्मवर एसएमएमयू. शेताच्या उताऱ्यासारखं समजा, डिव्हाइसनं सांगितलेल्या पत्त्यावर त्याची नोंद असेल तरच आत पाय ठेवायचा, नसेल तर फॉल्ट. ही नोंद कोण घालतंय, कधी काढतंय, आणि काढल्यावर काय होतंय, हेच आपण लिहायचं असतंय.

लिनक्समध्ये व्हीएफआयओ, म्हणजे डिव्हाइस असं थेट देण्याचा इंटरफेस, 2012 मध्ये 3.6 व्हर्जनला आलं आणि अजून खूप ठिकाणी तेच चालू आहे. त्यानंतर 2023 च्या फेब्रुवारीत आलेल्या 6.2 मध्ये आयओएमएमयूच्या नोंदी सांभाळायचा नवा इंटरफेस, आयओएमएमयूएफडी, आला. नवीन माणसानं यापासून सुरुवात करावी असं माझं मत आहे, कारण त्याच्या हेडर फाइलमध्येच वर एक कॉमेंट आहे ज्यात सगळ्या आयओसीटीएलचे (प्रोग्रॅमनं कर्नलला काम सांगायच्या कॉलचे) नियम एका जागी सांगितलेत, आणि इंटरफेसचं डॉक्युमेंटेशन कसं असावं याचा तो उत्तम नमुना आहे. ते दहा वेळा वाचा.

त्यातलं एरर कोडचं तेवढं नीट समजून घ्या. ई-नो-टीटीवाय आलं तर तो आयओसीटीएल नंबरच या कर्नलला माहीत नाही. ई-टू-बिग म्हणजे नंबर माहीत आहे पण तुम्ही पाठवलेल्या स्ट्रक्चरच्या ज्या भागाची कर्नलला ओळख नाही तिथं शून्य सोडून काहीतरी भरलेलं आहे. ई-ऑप-नॉट-सप म्हणजे स्ट्रक्चर कळालं, फील्डही माहीत आहे, पण त्यातली व्हॅल्यू या कर्नलला सपोर्ट नाही. आणि ई-इनव्हॅल म्हणजे सगळं कळालं, फक्त भरलेलं चुकीचं आहे. बऱ्याच जुन्या इंटरफेसमध्ये कशालाही ई-इनव्हॅलच मिळायचं, मग प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला आपला कर्नल जुना आहे का आपला कोड चुकलाय हेच कळत नसे. इथं प्रत्येक स्ट्रक्चरच्या सुरुवातीला साइझ असते, जुना प्रोग्रॅम नव्या कर्नलवर चालला तर राहिलेला भाग शून्य धरला जातो. म्हणून कुठल्याही नव्या फील्डचं लिहिताना शून्य दिलं तर काय होतंय हे पहिल्यांदा लिहा, बाकीच्या व्हॅल्यू नंतर. रिव्ह्यू करताना मी सगळ्यात आधी हेच शोधतो.

नीट समजून लिहायची दुसरी जागा म्हणजे मेमरी पिन करणं. डिव्हाइस कधी कुठल्या पेजला हात लावेल सांगता येत नाही आणि बहुतेक डिव्हाइसना पेज फॉल्ट झेपत नाही, त्यामुळं मॅप केलेली (आयओएमएमयूत नोंद घातलेली) पेजेस कर्नल रॅममध्ये पिन करून ठेवतो, ती स्वॅप होत नाहीत की हलत नाहीत. साध्या सेटअपमध्ये 16 जीबीचा गेस्ट असेल आणि त्याला एक कार्ड थेट दिलं तर होस्टचे 16 जीबी अडकले. म्हणूनच क्यूएमू अशा गेस्टवर बलून (गेस्टची न वापरलेली मेमरी होस्टला परत देणारी सोय) वापरू देत नाही, कारण बलूननं परत दिलेलं पेज पिनच राहतं, आणि गेस्टला ते पुन्हा लागलं तर त्याला नवं पेज मिळतं पण डिव्हाइस जुन्याच पेजवर लिहीत राहतं. आता ही पिन केलेली मेमरी कुणाच्या मर्यादेत मोजायची? व्हीएफआयओच्या जुन्या पद्धतीत प्रोसेसच्या, आयओएमएमयूएफडीत डीफॉल्टनं युजरच्या, आणि परवानगी असेल तर ऑप्शन देऊन प्रोसेसवर नेता येतं. एकाच युजरखाली चार व्हर्च्युअल मशिन चालवणाऱ्याला हा फरक माहीत नसेल तर चौथं मशिन का उठत नाही म्हणून तो रात्र घालवेल. अशा एका ओळीसाठी डॉक्युमेंटेशन असतंय.

मॅप-अनमॅपचंही तसंच. मॅप करताना पत्ता फिक्स सांगितला आणि तिथं आधीच काही असेल तर त्यावर दुसरं बसत नाही, आणि अनमॅप करताना आधी मॅप केलेल्या रेंजचा अर्धा तुकडा काढता येत नाही. चांगलं चालतं तेव्हा काय होतं हे कोडवरून कुणालाही कळतं, नाही चाललं तर काय, हे लिहिणारा माणूस पाहिजे.

आता सगळ्यांचा प्रश्न, एवढं महाग हार्डवेअर कुठून आणायचं? लागत नाही. कर्नल सोर्समध्ये टूल्सच्या खाली आयओएमएमयूच्या सेल्फटेस्ट आहेत, त्या खोट्या डिव्हाइसवर चालतात, फक्त त्यासाठीचा टेस्ट कॉन्फिग चालू करायला लागतोय आणि तो रोजच्या लॅपटॉपच्या कर्नलमध्ये कधीच घालायचा नाही, व्हर्च्युअल मशिनमध्येच. शिवाय क्यूएमूत इंटेलचा आयओएमएमयू इम्युलेट करता येतो आणि एडू नावाचं शिकण्यासाठीचं डिव्हाइस आहे जे खरोखर डीएमए करतं, ते व्हीएफआयओला बांधून बघा. आपण लिहिलेलं प्रत्येक वाक्य आधी असं चालवून बघायचं, एरर मुद्दाम आणायचा आणि मगच लिहायचं. खेड्यात नेट स्लो असेल तर गिट क्लोन करताना ब्लॉब फिल्टर लावा, सगळा लॉग मिळतो आणि फायली लागतील तशा उतरतात. डेप्थ 1 नं (फक्त शेवटचं कमिट, म्हणजे शेवटचा नोंदवलेला बदल घेऊन) करू नका, कारण एखादी अट का आली याचं उत्तर बहुतेक वेळा कमिट मेसेजमध्येच असतंय.

लिहायची पद्धत फार अवघड नाही. 2016 मध्ये 4.8 पासून डॉक्युमेंटेशन स्फिंक्स या डॉक्युमेंट बनवायच्या टूलवर आलं, फायली साध्या टेक्स्टच्या असतात, आणि फंक्शनचं वर्णन कोडमध्येच कर्नल-डॉकच्या कॉमेंटमध्ये असतंय. बिल्ड करून वॉर्निंग बघा, चेकपॅच (पॅच, म्हणजे पाठवायचा बदल तपासणारी स्क्रिप्ट) चालवा, गेट-मेन्टेनर स्क्रिप्ट सांगेल त्यांना साध्या टेक्स्ट ईमेलनं पाठवा, खाली साइन्ड-ऑफ-बाय ही स्वतःच्या नावाची ओळ. उत्तर यायला वेळ लागला तर आठवडाभर थांबा, मग नम्रपणे आठवण करा.

दहावीपर्यंत मराठी मीडियम, मग कन्नड मित्रांबरोबर कॉलेज आणि सगळं शिकणं इंग्लिशमधून, असं आपल्याकडच्या कितीतरी जणांचं होतं, आणि इंग्लिशची धास्ती राहते. या कामात ती नको. इथं लहान वाक्यं लागतात, एका वाक्यात एकच गोष्ट, आणि करणारा कोण ते स्पष्ट, कर्नल का युजरस्पेस. व्हीटीयूच्या (आपल्याकडच्या इंजिनिअरिंग विद्यापीठाच्या) अभ्यासातलं पेजिंग आणि व्हर्च्युअल मेमरी मनापासून केलेलं असेल तर पाया झालाच की. नोकरीचं म्हणाल तर नुसत्या डॉक्युमेंटेशनच्या जागा कमी आहेत हे खरं, पण बेंगळुरू-पुण्याच्या इंटरव्ह्यूत गिट लॉगमधलं स्वतःच्या नावाचं कमिट उघडून ही अट का आहे ते समजावता आलं तर समोरचा इंजिनिअर लगेच मुद्द्याचं बोलायला लागतो, आणि माझ्या ओळखीतले काही जण इथूनच पुढं ड्रायव्हर आणि टेस्टिंगकडं गेले.

सुरुवातीला एकच आयओसीटीएल निवडा, अनमॅपचा घ्या हवं तर. हेडरमधलं वर्णन वाचा, मग त्याचं फंक्शन, मग सेल्फटेस्टमध्ये तो कुठं कुठं वापरलाय ते बघा. कोडमधून परत येणारा पण वर्णनात नसलेला एखादा एरर सापडला तर तोच तुमचा पहिला पॅच.