पहिले सर्किट जोडण्यापूर्वीची तयारी

घरी इलेक्ट्रॉनिक्सचा पहिला प्रयोग करायचा असेल, तर सुटे भाग मागवण्याआधी जागा निश्चित करावी. टेबल स्थिर असावे, उजेड पुरेसा असावा, खिडकी जवळ असावी आणि लहान मुलांचा तेथे वावर नसावा. सोल्डरिंग करताना, म्हणजे सोल्डर हा (अनेकदा शिसे असलेला) मिश्रधातू तापलेल्या आयर्नने वितळवून भाग जोडताना, दिसणारा धूर शिशाचा नसतो, कारण सोल्डरिंग आयर्नच्या सुमारे ३५० अंश सेल्सिअस तापमानाला शिशाची वाफ जवळजवळ होतच नाही. तो फ्लक्समधील (सांधा नीट बसावा म्हणून सोल्डरसोबत वापरल्या जाणाऱ्या पदार्थातील) राळेचा असतो आणि श्वसनमार्गाला त्रास देतो, म्हणून धूर चेहऱ्यापासून दूर नेणारा छोटा पंखा लावावा. शिसे पोटात जाते ते हातांवाटे, त्यामुळे या टेबलावर खाणेपिणे वर्ज्य मानावे आणि काम संपताच साबणाने हात धुवावेत. शिसेविरहित सोल्डर वितळायला सुमारे २२० अंश लागतात, तर शिशाचे सोल्डर १८३ अंशांच्या आसपास वितळते व नवख्या हाताला सोपे जाते. तरीही घरात मुले असतील तर शिसेविरहितच घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. आयर्नचा स्टँड, टोक पुसण्यासाठी ओला स्पंज, कटर आणि तारेचे उडणारे तुकडे अडवणारा चष्मा हेही हवेच.

मल्टिमीटर (व्होल्टेज, करंट आणि रोध मोजणारे उपकरण) मात्र सर्वांत आधी घ्यावा आणि वापरायला शिकावे. करंट मोजल्यावर लाल वायर १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये तशीच राहिली आणि नंतर व्होल्टेज मोजायला गेले, तर बॅटरी थेट शॉर्ट होते, म्हणजे तिची दोन टोके मीटरमधून थेट जोडली जातात; म्हणून प्रत्येक मोजणीपूर्वी वायर कोठे आहे हे पाहण्याची सवय लावावी. रेझिस्टर (करंटला रोध करणारा भाग) मोजताना सर्किटचा पुरवठा बंद असावा.

सर्किट आधी ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता भाग खोचता येणाऱ्या छिद्रांच्या पाटीवर, जुळवावे. त्याच्या ओळीतील पाच छिद्रे आतून जोडलेली असतात, पण कडेची पुरवठ्याची पट्टी काही बोर्डांत मध्येच तुटलेली असते, ती मीटरच्या बीपने (दोन बिंदू आतून जोडलेले असले की मीटर वाजतो) तपासावी. आकडेमोडही आधीच कागदावर करावी: ९ व्होल्टची बॅटरी आणि सुमारे २ व्होल्ट घेणारा लाल एलईडी असेल, तर उरलेल्या ७ व्होल्टसाठी ४७० ओहमचा रेझिस्टर लावल्यावर सुमारे १५ मिलिअँपिअर करंट वाहतो, आणि तो सुरक्षित आहे. एलईडीचा लांब पाय धन बाजूला येतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवरील (विद्युतभार साठवणाऱ्या, धन-ऋण टोके असलेल्या भागावरील) पट्टी ऋण टोक दाखवते. तो उलटा बसला तर फुटू शकतो.

सुरुवातीचे सर्व प्रयोग बॅटरीवरच करावेत. सुट्या भागांसाठी जुने पॉवर सप्लाय उघडू नयेत, कारण प्लग काढल्यानंतरही त्यांच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा धक्का देण्याइतका विद्युतभार बराच वेळ टिकून राहू शकतो.